खासगी नेटवर्कमधले राउटर एकमेकांना काय सांगतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकेच्या शाखा, कारखान्याची गोदामं, विद्यापीठाची उपकेंद्रं: जिथे अनेक ठिकाणं आपसांत जोडलेली असतात तिथे राउटर असतात, आणि ते दिवसरात्र एकमेकांशी बोलत असतात. ते बोलणं न समजताही नेटवर्क सांभाळता येतं, पण सगळं सुरळीत चालू असेपर्यंतच. पहिल्यांदा एखादी शाखा अर्धवट बंद पडते, म्हणजे मेल चालतो पण कोअर बँकिंग उघडत नाही, तेव्हा हे बोलणं वाचता येणं गरजेचं होतं.

खालच्या उत्तरांसाठी एक काल्पनिक सहकारी बँक धरू. मुख्यालय सांगलीत, डेटा सेंटर पुण्यात, शाखा विटा, जत, कोल्हापूर आणि आणखी काही गावांत. सांगलीला १०.१०.०.०/१६, पुण्याला १०.२०.०.०/१६, आणि शाखांना १०.४०.०.०/१६ मधला एकेक तुकडा: विट्याला १०.४०.१२.०/२४, जतला १०.४०.१५.०/२४. तिरप्या रेघेनंतरचा आकडा म्हणजे मास्क: पत्त्याचे पहिले किती बिट नेटवर्कचे ते.

राउटर एकमेकांना नेमकं काय सांगतात?

कोणतं नेटवर्क कुठून गाठता येईल, एवढंच; या माहितीलाच रूट म्हणतात. विट्याचा राउटर सांगतो की १०.४०.१२.०/२४ माझ्याकडे आहे. त्यासोबत तिथवर पोचण्याचा खर्च असतो, पुढचा टप्पा म्हणजे नेक्स्ट हॉप असतो, आणि प्रोटोकॉलनुसार काही खुणा असतात: टॅग, कम्युनिटी, एएस पाथ (एएस म्हणजे एका संस्थेच्या ताब्यातलं नेटवर्क; रूट कोणकोणत्या एएसमधून आला याची यादी म्हणजे एएस पाथ). खातेदाराचा व्यवहार, मेल किंवा फाइल यांतलं काहीही या संवादात नसतं. ती वाहतूक वेगळी. तिची वाट मात्र याच संवादातून ठरते.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात पक्की करा. राउटरला नेटवर्क माहीत नसतं. त्याला फक्त स्वतःला जोडलेल्या केबल माहीत असतात आणि इतरांनी सांगितलेलं माहीत असतं. म्हणून बिघाड शोधताना 'इथे रूट आहे का' एवढंच विचारून थांबू नका. हा रूट याला कोणी सांगितला, आणि याने तो पुढे कोणाला सांगितला, हे दोन प्रश्न प्रत्येक राउटरवर विचारा. मला विचाराल तर राउटिंगमधलं निम्मं कौशल्य या दोन प्रश्नांतच आहे.

खासगी पत्ते म्हणजे कोणते?

१९९६च्या आरएफसी १९१८ने (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या रचना आणि नियम मांडणारे क्रमांकित दस्तऐवज) तीन पट्टे खासगी वापरासाठी राखून ठेवले: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. हे पत्ते कोणीही, कोणाचीही परवानगी न घेता आपल्या नेटवर्कमध्ये वापरू शकतं. इंटरनेटवर ते जाहीर करायचे नसतात. साहजिकच तुमच्या बँकेत १०.१०.०.० आहे आणि शेजारच्या इमारतीतल्या कंपनीतही तेच आहे. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते, विशेषतः दोन संस्थांचं विलीनीकरण होतं तेव्हा, किंवा दोघांचा सर्व्हिस प्रोव्हायडर एकच असतो तेव्हा.

रूटची माहिती एका दिशेने जाते आणि डेटा उलट दिशेने, हे कसं?

विट्याच्या राउटरने '१०.४०.१२.०/२४ माझ्याकडे आहे' हे सांगलीला कळवलं. माहिती विट्याहून सांगलीला गेली. ती मिळाल्यामुळे सांगलीची पॅकेट विट्याकडे जाऊ लागली. म्हणजे जाहिरात जिकडून येते, वाहतूक तिकडे जाते. वाचताना हे सोपं वाटतं, पण फॉल्टच्या वेळी घाईत हमखास उलटं होतं.

याचा व्यवहारातला अर्थ असा. विट्याच्या टेबलमध्ये पुण्याचा रूट आहे म्हणून विटा–पुणे संपर्क होईलच असं नाही. त्या रूटमुळे विट्याचं पॅकेट पुण्याला पोचेल. उत्तर परत येण्यासाठी पुण्याकडे विट्याचा रूट हवा, आणि मधल्या प्रत्येक राउटरकडे दोन्ही हवेत. 'रूट तर दिसतोय, मग चालत का नाही?' या तक्रारीमागे बहुतेक वेळा परतीची वाट नसते. एखादी शाखा नवी जोडली, तिथल्या राउटरवर सगळं नीट दिसतं, पण शाखेचा सबनेट, म्हणजे तिच्या पत्त्यांचा तुकडा, पलीकडे जाहीरच झालेला नसतो.

सगळे रूट हाताने लिहून ठेवले तर?

तीन शाखा असतील आणि प्रत्येकीला एकच लिंक असेल तर जरूर लिहा. स्टॅटिक रूट प्रामाणिक असतो, तो आपोआप बदलत नाही. अडचणही तीच आहे: पलीकडचा मार्ग तुटला तरी तो तसाच राहतो. प्रत्येक शाखेला दुसरी लिंक आली की डायनॅमिक राउटिंगला, म्हणजे राउटरनी आपसांत बोलून रूट ठरवण्याला, पर्याय नाही.

रिप, ओएसपीएफ आणि बीजीपी यांच्या बोलण्यात फरक काय?

हे तिन्ही राउटिंग प्रोटोकॉल, म्हणजे राउटरच्या बोलण्याच्या ठरलेल्या पद्धती. रिप हा डिस्टन्स व्हेक्टर, म्हणजे अंतर सांगणारा प्रकार. आरएफसी १०५८ने १९८८मध्ये तो लेखी नोंदवला. दर ३० सेकंदांनी राउटर आपली माहिती शेजाऱ्यांना देतो: अमुक नेटवर्क माझ्यापासून इतक्या हॉपवर, म्हणजे इतके राउटर ओलांडून. अनोळखी भागात प्रत्येक नाक्यावर गाव किती लांब आहे असं विचारत जावं, तसं हे. सांगणाऱ्याला स्वतःला पुढचं दिसत नसतं; त्यालाही कोणीतरी सांगितलेलं असतं. दोन राउटर एकमेकांच्याच जुन्या माहितीवर विसंबले तर अंतर एकेकाने वाढत जातं. म्हणून रिपमध्ये १५ हॉप ही मर्यादा आहे आणि १६ म्हणजे 'पोचता येत नाही'. ज्याच्याकडून रूट कळला त्यालाच तो परत न सांगण्याचा नियम, म्हणजे स्प्लिट हरायझन, याच रोगावरचा उपाय आहे.

ओएसपीएफ लिंक स्टेट प्रकारचा आहे. इथे राउटर अंतर सांगत नाही, स्वतःच्या लिंक सांगतो: मी कोण, मला कोण जोडलेलं आहे, त्या लिंकचा खर्च किती. ही निवेदनं, म्हणजे एलएसए, एरियातल्या, म्हणजे नेटवर्कच्या त्या विभागातल्या, प्रत्येक राउटरपर्यंत जशीच्या तशी पोचवली जातात. मग प्रत्येक राउटर सगळी निवेदनं जोडून पूर्ण नकाशा बनवतो आणि डाइक्स्ट्रा यांच्या पद्धतीने सर्वांत स्वस्त वाट स्वतः काढतो. शेजाऱ्याच्या हिशेबावर त्याला विसंबावं लागत नाही. एका एरियातून दुसऱ्या एरियात मात्र फक्त सारांश जातो, आणि तिथे ओएसपीएफ पुन्हा थोडा डिस्टन्स व्हेक्टरसारखा वागतो. म्हणूनच सगळे एरिया शून्य क्रमांकाच्या एरियाला जोडलेले असावेत असा नियम आहे.

बीजीपी हा मुख्यतः दोन वेगवेगळ्या संस्थांमधला संवाद आहे, आणि त्यात धोरणाला खर्चापेक्षा जास्त महत्त्व आहे. तो टीसीपीच्या १७९ क्रमांकाच्या पोर्टवर चालतो. सुरुवातीला सगळे रूट एकदाच सांगतो, नंतर फक्त बदल कळवतो. प्रत्येक रूटसोबत तो कोणकोणत्या एएसमधून आला याची यादी असते. त्या यादीत आपलाच नंबर दिसला की राउटर तो रूट टाकून देतो, म्हणजे चक्र आपोआप तुटतं. बँकेसारख्या नेटवर्कमध्ये साधारणपणे आत ओएसपीएफ आणि सर्व्हिस प्रोव्हायडरशी बीजीपी अशी विभागणी असते. खासगी वापरासाठी ६४५१२ ते ६५५३४ हे एएस नंबर राखून ठेवलेले आहेत.

शेजारचा राउटर ओएसपीएफमध्ये नेबर, म्हणजे संवाद करणारा शेजारी, होतच नाही. काय पाहू?

आधी दोन्ही बाजूंचा एरिया नंबर, हॅलो टायमर (हॅलो पॅकेट किती वेळाने पाठवायचं) आणि डेड टायमर (किती वेळ हॅलो आलं नाही तर शेजारी गेला समजायचं), सबनेट मास्क, ऑथेंटिकेशन आणि एरिया स्टब (बाहेरचे रूट आत न घेणारा) आहे की नाही हे पाहा. यातलं काहीही जुळलं नाही तर हॅलो पॅकेट फेकून दिलं जातं. इथरनेटवर हॅलो १० सेकंदांचा आणि डेड ४० सेकंदांचा असतो. प्रोसेस आयडी (राउटरवरच्या ओएसपीएफचा स्थानिक क्रमांक) दोन्हीकडे वेगळा असला तरी चालतो. नवखी मंडळी नेमका तोच जुळवत बसतात.

नेबर दिसतो पण एक्सस्टार्ट किंवा एक्सचेंज अवस्थेत अडकून राहतो, तेव्हा एमटीयू, म्हणजे लिंकवरून जाऊ शकणाऱ्या सर्वांत मोठ्या पॅकेटचा आकार, तपासा. एका बाजूला १५०० आणि दुसऱ्या बाजूला वेगळा असेल तर डेटाबेसची देवाणघेवाण पूर्णच होत नाही. मध्ये प्रोव्हायडरचा मीडिया कन्व्हर्टर किंवा टनेल असेल तर हा संशय आधी घ्या.

आणि एकाच स्विचवर चारपाच राउटर असताना काही जोड्या टू-वे अवस्थेत थांबलेल्या दिसल्या तर काही बिघडलेलं नाही. तिथे डीआर (नेमलेला प्रमुख राउटर) आणि बीडीआर (त्याचा राखीव) निवडले जातात, बाकीचे फक्त त्या दोघांशी पूर्ण देवाणघेवाण करतात.

सगळ्या राउटरकडे तोच आणि ताजाच नकाशा आहे याची खात्री कशी होते?

हा प्रश्न कमी वेळा विचारला जातो, पण मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. याचं उत्तर एका जुन्या अपघातात आहे.

२७ ऑक्टोबर १९८० रोजी अर्पानेट, म्हणजे इंटरनेटचं पूर्वज नेटवर्क, काही तास जवळजवळ निकामी झालं. तिथेही लिंकची माहिती सगळ्या नोडपर्यंत पसरवली जायची, आणि कोणतं निवेदन नवं हे ठरवायला सहा बिटांचा अनुक्रमांक होता, ० ते ६३. ६३नंतर पुन्हा ०, म्हणून तुलना गोलाकार होती: दोन आकड्यांत ३२पर्यंतचं अंतर असेल तर मोठा आकडा नवा, त्याहून जास्त असेल तर लहान आकडा नवा. एका नोडच्या हार्डवेअर बिघाडामुळे मेमरीतले काही बिट गळाले आणि एकाच नोडची तीन निवेदनं नेटवर्कमध्ये फिरू लागली, ८, ४० आणि ४४ या क्रमांकांची. द्विमान पद्धतीत ४४ म्हणजे १०११००. त्यातला एक बिट गेला की ४०, आणखी एक गेला की ८. आता नियम लावून पाहा. ४४ हा ४०पेक्षा नवा. ४० हा ८पेक्षा नवा. आणि ४४ व ८ यांत ३६चं अंतर, म्हणून ८ हा ४४पेक्षा नवा! प्रत्येक नोड प्रत्येक निवेदनाला 'हे ताजं' समजून पुढे पाठवत राहिला. निवेदनांना प्राधान्य असल्याने बाकीची कामं मागे पडली.

या घटनेचं विश्लेषण एरिक रोझेन यांनी आरएफसी ७८९मध्ये लिहिलं. ओएसपीएफची आजची शिस्त त्याच पार्श्वभूमीवर वाचावी. त्याचा अनुक्रमांक ३२ बिटांचा आणि सरळ रेषेतला आहे, गोल फिरत नाही. प्रत्येक एलएसएला वय असतं: मूळ राउटरने ते दर ३० मिनिटांनी नव्याने पाठवायचं, आणि एक तास झाला तरी नवं आलं नाही तर ते बाद. चेकसम, म्हणजे माहिती बिघडली नाही ना हे पाहायचा आकडा, नुसता वायरवर तपासून संपत नाही, एलएसए मेमरीत पडून असतानाही दर पाच मिनिटांनी तपासला जातो, कारण १९८०मध्ये बिट गळाले होते ते मेमरीतच. म्हणून डेटाबेस पाहताना क्रमांक आणि वय हे रकाने डोळ्याआड करू नका. एखाद्या एलएसएचा क्रमांक मिनिटामिनिटाला वाढताना दिसला तर त्या राउटरची एखादी लिंक सतत चालू-बंद होत असण्याची, किंवा दोन राउटरना एकच राउटर आयडी दिला गेला असण्याची दाट शक्यता आहे.

एकाच नेटवर्कचा रूट दोघांकडून आला तर राउटर कोणाचं ऐकतो?

पॅकेट पाठवताना पहिला नियम: ज्याचा मास्क लांब तो जिंकतो. १०.४०.०.०/१६ आणि १०.४०.१२.०/२४ दोन्ही टेबलमध्ये असतील तर विट्याचं पॅकेट /२४ कडेच जाईल, मग /१६ कितीही चांगल्या लिंकवरून आलेला असो. या नियमाची ताकद जगाने २४ फेब्रुवारी २००८ला पाहिली. यूट्यूब २०८.६५.१५२.०/२२ जाहीर करत होतं. पाकिस्तान टेलिकॉमने देशात यूट्यूब अडवण्यासाठी वापरलेला २०८.६५.१५३.०/२४ हा रूट बाहेर निसटला आणि जगभरची वाहतूक तिकडे वळली. ते इंटरनेटवर घडलं, पण नियम तुमच्या बँकेतही तोच आहे. कोणी जतच्या राउटरवर चाचणीसाठी १०.२०.५.०/२४ लिहून तो जाहीर होऊ दिला, तर पुण्याच्या डेटा सेंटरचा तेवढा तुकडा जतला पळेल.

मास्क सारखाच असेल आणि माहिती वेगवेगळ्या प्रोटोकॉलकडून आली असेल, तर विश्वासाचा क्रम लागतो. सिस्कोमध्ये तो असा: थेट जोडलेलं ०, स्टॅटिक १, बाहेरचा बीजीपी (दुसऱ्या एएसकडून आलेला) २०, ईआयजीआरपी (सिस्कोचा स्वतःचा प्रोटोकॉल) ९०, ओएसपीएफ ११०, रिप १२०, आतला बीजीपी (आपल्याच एएसमधून आलेला) २००. आकडा जितका लहान तितका विश्वास जास्त. जुनिपरचे आकडे वेगळे आहेत: तिथे ओएसपीएफचे अंतर्गत रूट १० आणि बीजीपी १७०, म्हणजे बाहेरच्या बीजीपीपेक्षा ओएसपीएफ वरचढ. दोन्ही कंपन्यांचे राउटर एकाच नेटवर्कमध्ये असतील तर हा तक्ता समोर ठेवूनच काम करा. प्रोटोकॉलही एकच असेल तर मग खर्च पाहिला जातो.

राउटिंग टेबलमधली ओळ वाचायची कशी?

सांगलीच्या राउटरवर समजा अशी ओळ आहे: ओ, १०.४०.१२.०/२४, कंसात ११०/२०, मार्फत १०.२५५.०.६, ०२:१४:५५, गिगाबिट इथरनेट ०/१. वाचायची अशी: ओएसपीएफने कळवलं, विट्याचा सबनेट, विश्वासाचा आकडा ११०, एकूण खर्च २०, पुढचा टप्पा १०.२५५.०.६, ही नोंद सव्वादोन तासांपूर्वीची, बाहेर पडायचं दार हे.

वेळेचा रकाना आधी पाहायची सवय लावा. सगळे रूट आठवड्यांचे जुने आणि एकच दोन मिनिटांचा असेल, तर गडबड कुठे झाली हे त्या एका नजरेत कळतं.

प्रोव्हायडरच्या राउटरमध्ये आमचे १०.०.०.० आणि दुसऱ्या ग्राहकाचे १०.०.०.० मिसळत नाहीत का?

एमपीएलएस व्हीपीएनची, म्हणजे पॅकेटना लेबलं लावून प्रत्येक ग्राहकाची वाहतूक वेगळी ठेवणाऱ्या पद्धतीची, सगळी रचना याच प्रश्नासाठी आहे. ती १९९९मध्ये आरएफसी २५४७ने मांडली आणि २००६मध्ये आरएफसी ४३६४ने पक्की केली. दोन्हींच्या लेखकांत तेच एरिक रोझेन आहेत, अर्पानेटच्या अपघाताचं विश्लेषण लिहिणारे.

प्रोव्हायडरच्या काठावरच्या राउटरला पीई म्हणतात, तुमच्या शाखेतल्या राउटरला सीई. पीईमध्ये प्रत्येक ग्राहकासाठी स्वतंत्र राउटिंग टेबल असतं, त्याला व्हीआरएफ म्हणतात. विट्याचा सीई ज्या इंटरफेसला जोडलेला आहे तो बँकेच्या व्हीआरएफचा, शेजारचा इंटरफेस दुसऱ्या कंपनीच्या व्हीआरएफचा. एका टेबलातला रूट दुसऱ्याला दिसत नाही.

अडचण पुढे येते. विट्याच्या पीईला हे रूट सांगलीच्या पीईपर्यंत बीजीपीने पोचवायचे आहेत, आणि बीजीपीच्या दृष्टीने दोन ग्राहकांचे १०.४०.१२.०/२४ हा एकच रूट. म्हणून प्रत्येक रूटच्या आधी आठ बाइटचा रूट डिस्टिंग्विशर, म्हणजे आरडी, जोडला जातो. चार बाइटचा पत्ता बारा बाइटचा होतो आणि दोन्ही रूट वेगळे राहतात.

मग रूट टार्गेट कशासाठी? आरडीनेच काम होत नाही का?

नाही, आणि मुलाखतीत सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. आरडीचं काम एवढंच की दोन सारखे पत्ते वेगळे दिसावेत. हा रूट कोणत्या व्हीआरएफमध्ये जावा हे तो ठरवत नाही. ते काम रूट टार्गेटचं, म्हणजे आरटीचं. आरटी ही रूटला लावलेली खूण आहे. पाठवणारा व्हीआरएफ ती लावतो, घेणारा व्हीआरएफ आपल्याला हवी ती खूण पाहून रूट आत घेतो. एका रूटला आरटी अनेक असू शकतात, आरडी एकच.

यातली खरी गंमत रचनेत आहे. समजा बँकेला शाखांनी आपसांत थेट बोलू नये असं वाटतं. सगळ्यांनी फक्त पुण्याशी बोलावं. मग शाखांच्या व्हीआरएफने रूट पाठवताना 'शाखा' ही खूण लावायची आणि घेताना फक्त 'केंद्र' ही खूण घ्यायची. पुण्याने नेमकं उलट. विट्याला जतचा रूटच मिळत नाही, आणि त्यासाठी एकही फायरवॉल नियम लिहावा लागत नाही. एखादी शाखा चुकून सगळ्या शाखांना दिसू लागली असेल तर प्रोव्हायडरकडून त्या व्हीआरएफच्या घेण्याच्या आणि पाठवण्याच्या खुणांची यादी मागवा. उत्तर बहुधा तिथेच असतं.

एक बारकावा. मुख्यालयाला दोन वेगवेगळ्या पीईंवरून लिंक असतील आणि प्रोव्हायडर मधे रूट रिफ्लेक्टर, म्हणजे एका पीईचे रूट बाकीच्या पीईंना पोचवणारा राउटर, वापरत असेल, तर दोन्ही पीईंवर आरडी वेगळा ठेवणं फायद्याचं. आरडी सारखा असला तर रिफ्लेक्टर दोन्हींतला एकच रूट निवडून पुढे पाठवतो आणि दुसरी लिंक दूरच्या पीईला कळतच नाही.

प्रोव्हायडरच्या मधल्या राउटरना आमचे रूट माहीत असतात का?

नसतात, आणि लागतही नाहीत. पॅकेटवर दोन लेबलं लागतात, प्रत्येक २० बिटांचं. वरचं लेबल पलीकडच्या पीईपर्यंत नेतं, आतलं लेबल त्या पीईला सांगतं की हे कोणत्या व्हीआरएफचं. आतलं लेबल पलीकडच्या पीईनेच ठरवून रूटसोबत कळवलेलं असतं. मधले राउटर फक्त वरचं लेबल पाहतात.

मात्र हे एन्क्रिप्शन नाही. रूट वेगळे ठेवले म्हणजे डेटा गुप्त झाला असं समजू नका. बँकेच्या वाहतुकीवर आयपीसेक, म्हणजे पॅकेट एन्क्रिप्ट करणारी पद्धत, हवंच.

सगळ्या शाखांना एकच एएस नंबर दिला आणि शाखांचे रूट एकमेकांना दिसेनात. का?

बीजीपी आपला नियम पाळतोय. विट्याचा एएस ६५०१०, कोल्हापूरचाही ६५०१०. विट्याचा रूट प्रोव्हायडरमधून कोल्हापूरला आला तेव्हा यादीत ६५०१० होता. कोल्हापूरच्या राउटरला वाटलं की हा माझाच रूट फिरून आला, म्हणून त्याने टाकून दिला. उपाय दोन: प्रोव्हायडरने पीईवर एएस ओव्हरराइड लावून त्या जागी स्वतःचा नंबर घालायचा, किंवा शाखेच्या राउटरवर अलाउ-एएस-इन देऊन आपला नंबर चालवून घ्यायचा. मला पहिला बरा वाटतो, कारण शेकडो शाखांत हात घालावा लागत नाही. पण एखाद्या ठिकाणी दोन सीई आणि दोन लिंक असतील तर ओव्हरराइडमुळे चक्र तोडणारी खूणच पुसली जाते. तिथे साइट ऑफ ओरिजिन, म्हणजे रूट मुळात कोणत्या ठिकाणचा हे सांगणारी खूण, लावून घ्या.

ओएसपीएफचे रूट बीजीपीत आणि बीजीपीचे ओएसपीएफमध्ये टाकले, तेव्हापासून वाटा विचित्र झाल्या. काय झालं असेल?

सांगलीत दोन राउटर आहेत, दोघेही दोन्ही दिशांना रीडिस्ट्रिब्यूट करतात, म्हणजे एका प्रोटोकॉलचे रूट दुसऱ्यात टाकतात. पहिल्याने विट्याचा रूट बीजीपीतून घेऊन ओएसपीएफमध्ये टाकला. दुसऱ्याचं प्रोव्हायडरशी सेशन क्षणभर तुटलं. त्या वेळात त्याने विट्याचा रूट ओएसपीएफमधून घेतला आणि आपल्या बीजीपीत टाकला. सेशन परत आल्यावर तो प्रोव्हायडरला सांगू लागला की विटा माझ्याकडे आहे. सिस्कोच्या राउटरवर हे आपोआप सुधारत नाही: स्वतः बीजीपीत आणलेल्या रूटला ३२७६८ हे वजन मिळतं, शेजाऱ्याकडून आलेल्याला ०. म्हणून खरा रूट परत येऊनही हरतो.

उपाय जुना आणि खात्रीचा आहे. बीजीपीतून ओएसपीएफमध्ये टाकताना टॅग लावा, आणि ओएसपीएफमधून बीजीपीत नेताना तो टॅग असलेला रूट अडवा. दोन्ही राउटरवर. टॅगशिवाय दोन ठिकाणी दुहेरी रीडिस्ट्रिब्यूशन कधीही करू नका.

राउटरवरून पिंग होतं, पण शाखेतल्या संगणकावरून होत नाही. किंवा उलट.

राउटरवरून साधं पिंग केलं की पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून बाहेर पडणाऱ्या इंटरफेसचा, म्हणजे वॅनचा (शाखेबाहेरच्या लिंकचा) पत्ता पडतो. वॅनचे पत्ते जाहीर झालेले असतात आणि शाखेच्या लॅनचे (आतल्या नेटवर्कचे) नसतात, किंवा त्याच्या उलट. त्यामुळे चाचणी नेहमी लॅनचा सोर्स पत्ता देऊन करा. मग वाटेतल्या प्रत्येक राउटरवर दोन्ही दिशांचे रूट पाहा: जाणारा आणि येणारा. दोन्ही असूनही मोठ्या फाइल अडकत असतील आणि छोटं पिंग जात असेल, तर रूटचा पिच्छा सोडून एमटीयूकडे वळा.

लिंक पडल्यावर बाकीच्यांना कळायला किती वेळ लागतो?

केबलच निघाली तर लगेच. खरी अडचण मधे स्विच किंवा प्रोव्हायडरचं उपकरण असताना येते, कारण तुमचा इंटरफेस चालूच दिसतो. तेव्हा टायमरची वाट पाहावी लागते: रिपला १८० सेकंद, ओएसपीएफला ४०, बीजीपीला सिस्कोच्या मूळ सेटिंगमध्ये १८०. एटीएमचा व्यवहार तीन मिनिटं थांबत नाही. यावर बीएफडी आहे, २०१०च्या आरएफसी ५८८०मधला: सेकंदाच्या आत शेजारी जिवंत आहे का हे तपासून तो राउटिंग प्रोटोकॉलला कळवतो. नुसते हॅलो टायमर कमी करत जाण्यापेक्षा हा मार्ग चांगला. मात्र डळमळीत लिंकवर फार कडक आकडे ठेवलेत तर प्रत्येक छोट्या झटक्याला सगळं नेटवर्क नव्याने हिशेब करत बसेल.

कोणी खोटे रूट पाठवले तर?

राउटर सांगितलेल्यावर विश्वास ठेवतो, म्हणून कोणाचं ऐकायचं हे तुम्ही ठरवायचं. ज्या इंटरफेसवर फक्त संगणक आहेत तिथे ओएसपीएफ पॅसिव्ह ठेवा, म्हणजे तिथून हॅलो जाणार नाही. शाखेच्या स्विचमध्ये कोणी लॅपटॉप लावून नेबर होऊ शकता कामा नये. राउटर-राउटरमध्ये ऑथेंटिकेशन लावा. बीजीपीवर प्रिफिक्स (म्हणजे पत्त्यांचा पट्टा) फिल्टर ठेवा: विट्याकडून १०.४०.१२.०/२४ सोडून काहीही घेऊ नका. आणि कमाल प्रिफिक्सची मर्यादा घाला, म्हणजे पलीकडून अचानक हजारो रूट आले तर सेशन बंद होईल, पण तुमचा राउटर कोसळणार नाही. वर जतच्या चाचणीचं उदाहरण दिलं, ते या एका फिल्टरने पूर्ण टळतं.

हे सगळं महागड्या राउटरशिवाय शिकता येईल का?

येईल. लिनक्सवर एफआरराउटिंग हे मोफत सॉफ्टवेअर चालतं. त्यात रिप, ओएसपीएफ, बीजीपी सगळं आहे. साध्या लॅपटॉपवर चार व्हर्च्युअल राउटर करा, त्यांना विटा, जत, सांगली, पुणे नावं द्या, आणि वायरशार्क हे पॅकेट पाहायचं साधन लावून आयपी प्रोटोकॉल क्रमांक ८९ची पॅकेट पाहा. ओएसपीएफ त्याच क्रमांकावर थेट आयपीवर चालतो. विट्याची लिंक पाडा आणि पहिलं एलएसए कोणी पाठवलं, त्याचा क्रमांक कितीने वाढला, ते जतला कोणत्या वाटेने पोचलं हे पॅकेटमध्ये शोधा. एमटीयू मुद्दाम चुकवा आणि नेबर एक्सस्टार्टमध्ये अडकलेला पाहा. मग दोन राउटरना एकच राउटर आयडी द्या आणि डेटाबेसमधला अनुक्रमांक काय करतो ते पाहत बसा.